निळू फुले यांच्या भूमिका : प्रस्तावना

मराठी चित्रपटातला खलनायक म्हटले की पहिले नाव निळू फुले यांचे येते, आणि त्या नावामागोमाग एक पाटील येतो. पांढरेशुभ्र धोतर, डोक्यावर टोपी, ओठावर मिशी, अर्धवट मिटलेले डोळे आणि घशात अडकल्यासारखा घोगरा आवाज. हा पाटील कोणत्या चित्रपटातला, असे विचारले तर बहुतेकांना एकच एक नाव सांगता येत नाही, कारण तो अनेक चित्रपटांतून मिळून तयार झाला आहे. अभिनेत्याच्या हयातीतच तो त्याच्यापासून सुटा झाला आणि शाळांच्या गॅदरिंगमध्ये, गणपतीच्या मंडपात, वऱ्हाडाच्या गाडीत नकलांच्या रूपाने फिरू लागला. निळू फुले यांच्या भूमिकांचा विचार या पाटलापासून सुरू करावा लागतो. तो तिथेच संपवला मात्र फार मोठा नट हातातून निसटतो.

नीळकंठ कृष्णाजी फुले यांचा जन्म १९३० सालचा, पुण्यातला. घरची परिस्थिती बेताची. तरुणपणी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी माळीकाम केले. झाडांची त्यांची ओढ खरोखरीची होती. त्याच काळात ते राष्ट्र सेवा दलात होते आणि अभिनयाचे पहिले धडे त्यांनी गिरवले ते सेवा दलाच्या कलापथकात. हे कलापथक म्हणजे नाट्यसंस्था नव्हे. गावोगाव जायचे, पारावर किंवा शाळेच्या पटांगणात पडदा बांधायचा आणि गाणी, पोवाडे, वग यांतून लोकांशी राजकारणावर आणि समाजावर बोलायचे, असे त्याचे काम होते. पु. ल. देशपांडे यांचे 'पुढारी पाहिजे' हे लोकनाट्य या कलापथकाने गाजवले आणि त्यात निळू फुले यांनी काम केले. 'येरागबाळ्याचे काम नोहे' हे लोकनाट्य तर त्यांनी स्वतः लिहिले. दादा कोंडके आणि राम नगरकर हेही याच मुशीतून आले. मराठी पडद्यावरचा ग्रामीण विनोद आणि ग्रामीण खलनायक असे दोन्ही एकाच चळवळीच्या कलापथकातून निघाले, याची नोंद चित्रपटाच्या इतिहासात जितकी ठळक हवी तितकी होत नाही.

कलापथकाने त्यांना दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे समोरच्या माणसाला थेट भिडणारी वगाची बोली. वगात नटाला संवाद पाठ असून भागत नाही. त्या दिवशीच्या गावात कोणाचे काय चालले आहे, हे हेरून जागच्या जागी शब्द टाकावा लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे गावकारभाऱ्यांचे जवळून दर्शन. कार्यक्रमाला जागा देणारा किंवा नाकारणारा, पुढच्या खुर्चीवर बसणारा, मध्येच उठून जाऊन सगळ्या सभेला आपली नापसंती कळवणारा माणूस कलापथकाच्या पोरांना प्रत्येक गावात भेटत असे. पुढे पडद्यावर उभ्या राहिलेल्या पाटलाचे निरीक्षण तिथलेच असले पाहिजे, असे मानायला जागा आहे.

शंकर पाटील यांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगनाट्याने निळू फुले यांचे नाव महाराष्ट्रभर झाले. त्या यशामागून १९६८ साली अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी' या चित्रपटात त्यांना झेलेअण्णा ही भूमिका मिळाली. गावच्या प्रत्येक भानगडीत हात असलेला, कोणाचेही धड होऊ न देणारा हा माणूस प्रेक्षकांना हसवतही होता आणि खुपतही होता. पाटलाचा उग्रपणा इथे अजून नाही, मात्र त्याची तिरकी नजर आणि हळू, ओढलेला स्वर या पहिल्याच भूमिकेत ऐकू येतो. पाठोपाठ १९७१ साली दादा कोंडके यांचा 'सोंगाड्या' आला आणि ग्रामीण मराठी चित्रपटाला मोठी लाट मिळाली. या लाटेत दर चित्रपटाला एक पाटील, सावकार किंवा सरपंच लागत होता आणि निर्मात्यांची पावले निळू फुले यांच्याकडे वळत होती.

हा काळ कोणता होता, हे पाहिल्याशिवाय त्या भूमिकांचा पगडा उमगत नाही. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. वंशपरंपरागत पाटीलकी त्याच दशकात कायद्याने संपली. पण जी घराणी गाव चालवत होती, त्यांतली अनेक आता सोसायटीत, पंचायत समितीत, साखर कारखान्यात आणि शिक्षणसंस्थेत दिसू लागली. जुनी सत्ता नव्या खुर्चीवर येऊन बसली होती. वाड्याला जीपगाडी आली, दिवाणखान्यात टेलिफोन आला, भिंतीवर पुढाऱ्यांच्या तसबिरी लागल्या, आणि दारात हात जोडून उभा राहणारा माणूस मात्र तोच राहिला. निळू फुले यांचा पाटील या सांध्यावर उभा आहे. तो पूर्णपणे जुना जमीनदार नाही आणि पूर्णपणे नवा पुढारीही नाही. मतपेटी त्याला समजते, आणि मतपेटीआधी काय करावे लागते तेही.

या पाटलाचा पगडा किती दूरवर पोहोचला हे पाहायला परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातील बोरी हे विचारात घेण्याजोगे गाव आहे. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. संस्थानी अमलात इथल्या गावगाड्यावर माली पाटील, पोलीस पाटील आणि पटवारी होते, त्यांच्यावर देशमुख आणि जहागीरदार. पडद्यावरचा पाटील बोलत होता ती बोली कोल्हापूर-साताऱ्याकडची. त्याची पार्श्वभूमी कृष्णा-पंचगंगेच्या ऊसपट्ट्याची. 'जायलो', 'करायलो' असे बोलणाऱ्या मराठवाड्याच्या कानाला ती परकी होती. ज्वारी, कापूस आणि कोरडवाहू शेतीचा हा भाग त्या चित्रपटांत जवळजवळ दिसतच नाही. तरीही बोरीसारख्या गावात, तंबूतल्या टुरिंग टॉकीजपासून पुढे दूरदर्शनवरच्या मराठी चित्रपटापर्यंत, तो पाटील ओळखीचा वाटला. बोली वेगळी असली तरी बसण्याची ऐट, न बघता बोलण्याची रीत आणि समोरच्याला ताटकळत ठेवण्याची पद्धत तीच होती. एका प्रदेशाच्या वेषात आणलेला माणूस साऱ्या महाराष्ट्राचा होतो, तो अशा देहबोलीमुळे. लेखकाने दिलेल्या शब्दांपेक्षा नटाचे श्रेय इथे मोठे आहे.

ही देहबोली थोडी बारकाईने पाहावी अशी आहे. त्यांच्या आधीचा आणि त्यांच्या बरोबरचा मराठी खलनायक बहुधा गर्जना करीत असे. मिशीला पीळ देणे, डोळे वटारणे, दात-ओठ खाणे ही त्याची साधने. निळू फुले यांनी आवाज खाली आणला. धमकी द्यायची असेल तेव्हा ते जवळजवळ कुजबुजत. वाक्याच्या मधोमध थांबत आणि ऐकणाऱ्याला उरलेला भाग स्वतःच्या भीतीने भरायला लावत. नजर सरळ टाकायची नाही, कडेने टाकायची. हालचाल कमी, एखादा खांदा उचलण्यापुरती, धोतराचा सोगा सावरण्यापुरती. ज्याच्या शब्दावर गाव हलते त्याला ओरडण्याची गरजच पडत नाही, हे त्यांनी नेमके हेरले होते. म्हणूनच त्यांचा पाटील नाटकी वाटला नाही, खरा वाटला आणि म्हणूनच त्याची भीती बसली. या भूमिकांमुळे खेड्यापाड्यांतल्या बायका त्यांच्या नावाने बोटे मोडत, असे नेहमी सांगितले जाते. स्वतः फुले या शिव्यांकडे कामाची पावती म्हणून पाहत.

त्या प्रतिमेची एक बाजू स्त्रियांशी जोडलेली आहे आणि तिच्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. 'बाई, वाड्यावर या' हे वाक्य त्यांच्या नावाला कायमचे चिकटले. नकलाकारांनी ते इतके वाजवले की त्याचा अर्थच बोथट झाला. मूळ चित्रपटांत वाड्यावरचे हे बोलावणे ही हसण्याची गोष्ट नव्हती. गरीब घरातल्या, बहुधा खालच्या मानल्या गेलेल्या जातीतल्या बाईला आणि तमाशातल्या कलावंतिणीला नकार देण्याची सोय नसते, हे त्या एका बोलावण्यात सांगितलेले असे. निळू फुले ते वखवखून म्हणत नसत. हक्काने, सवयीने म्हणत. त्यातली भयंकर गोष्ट ती सवयच होती. पुढे त्याच वाक्याचा विनोद झाला, यात नटाचा दोष नाही. समाजाला काय आठवायचे आणि काय विसरायचे असते, हे त्यातून दिसते.

पाटलांच्या या रांगेत एक भूमिका सर्वांच्या वर आहे, ती 'सामना' मधील हिंदुराव धोंडे पाटलाची. रामदास फुटाणे यांची निर्मिती, विजय तेंडुलकर यांची पटकथा, भास्कर चंदावरकर यांचे संगीत आणि जब्बार पटेल यांचे पहिले चित्रपट-दिग्दर्शन अशा या चित्रपटाची १९७५ सालच्या बर्लिन चित्रपट महोत्सवात स्पर्धा विभागासाठी निवड झाली होती. हिंदुराव हा साखर कारखान्याचा आणि भोवतालच्या सगळ्या पसाऱ्याचा धनी. त्याच्या गावात एक दारुडा, मोडलेला मास्तर येतो. ही भूमिका डॉ. श्रीराम लागू यांची. हिंदुराव त्याला आसरा देतो, दारू देतो, त्याच्याशी गप्पा मारतो. मास्तर मात्र मारुती कांबळेचे काय झाले, हा एकच प्रश्न धरून बसतो. मोहन आगाशे यांनी उभा केलेला मारुती कांबळे गावातून नाहीसा झाला आहे आणि गावाने गप्प राहायचे ठरवले आहे.

या भूमिकेत निळू फुले यांनी ठरीव पाटील मोडून काढला. हिंदुराव खरोखर कर्तबगार आहे. माळरानावर कारखाना उभा राहिला, लोकांना काम मिळाले, याचा त्याला अभिमान आहे आणि तो खोटा नाही. मास्तरबद्दल त्याला वाटणारी ओढही खोटी नाही. बरोबरीने बोलणारा माणूस त्याला बहुधा पहिल्यांदाच भेटतो आहे. म्हणून तो प्रश्न त्याला आतून पोखरू लागतो. सुरुवातीला तो हसण्यावारी नेतो, मग टाळतो, मग चिडतो, आणि शेवटी त्या चेहऱ्यावर थकवा येतो. सत्तेची झीज कशी होते हे मराठी पडद्यावर इतक्या सूक्ष्मपणे दुसऱ्या कोणी दाखवल्याचे आठवत नाही. लागू आणि फुले यांच्या जुगलबंदीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. पण लागूंच्या मास्तराला बोलायला शब्द आहेत, फुल्यांच्या हिंदुरावाला मुख्यतः ऐकायचे आहे, आणि ऐकणे दाखवणे जास्त अवघड असते.

'सामना' च्या आधी, १९७२ साली, रंगभूमीवर 'सखाराम बाइंडर' येऊन गेले होते. पडद्यावरच्या भूमिकांबरोबर त्याचा विचार करणे भाग आहे, कारण सखारामाशिवाय हिंदुराव इतका उघडा पडला नसता. तेंडुलकरांचे हे नाटक कमलाकर सारंग यांनी बसवले; निळू फुले सखाराम आणि लालन सारंग चंपा. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना घरी आणून आपल्या अटींवर ठेवणारा हा पुस्तकबांधणी करणारा माणूस शिवराळ आहे, मारकुटा आहे आणि स्वतःशी विलक्षण प्रामाणिकही आहे. परिनिरीक्षण मंडळाने नाटक अडवले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला. ज्या नटाला गावातला दुष्ट माणूस म्हणून लोक ओळखत होते, त्याने मध्यमवर्गीय नाट्यगृहात दुष्टपणाच्या मुळाशी असलेले एकाकीपण दाखवले. जयवंत दळवींच्या 'सूर्यास्त' मध्ये तर तो पूर्ण उलट्या बाजूला गेला: आप्पाजी हा जुना गांधीवादी स्वातंत्र्यसैनिक, ज्याचा मुलगाच आता सत्तेच्या खुर्चीवर आहे. तीच चण, तोच आवाज, पण त्यात आता पाटलाचा मागमूस नव्हता.

१९७९ साली 'सिंहासन' आला. अरुण साधू यांच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, दिग्दर्शन पुन्हा जब्बार पटेल यांचे. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे ही भूमिका अरुण सरनाईक यांची आणि त्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवलेले विश्वासराव दाभाडे म्हणजे श्रीराम लागू. सवयीने पाहिले तर या दोन खुर्च्यांपैकी एक निळू फुले यांच्या वाट्याला यायला हवी होती. त्यांना मिळाला दिगू टिपणीस हा पत्रकार. दिगू सगळीकडे असतो, सगळे पाहतो, सगळ्यांना ओळखतो आणि काहीच बदलू शकत नाही. मंत्रालयाच्या व्हरांड्यात, पार्ट्यांत, कामगारांच्या सभेत, टॅक्सीत तो खांद्याला झोळी अडकवल्यासारखे आपले निरीक्षण घेऊन फिरतो. सत्तेचा चेहरा झालेल्या नटाने इथे सत्तेचा साक्षीदार उभा केला. हिंदुरावाला आपण काय केले हे माहीत आहे; दिगूला इतरांनी काय केले हे माहीत आहे; दोघांनाही ते पेलवत नाही. या दोन भूमिका शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय निळू फुले यांचा आवाका कळत नाही.

बाकीच्या भूमिकांबद्दल थोडक्यात सांगता येईल. 'जैत रे जैत' (१९७७) या गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरच्या चित्रपटात ते ठाकर समाजात मिसळून गेलेले दिसतात. हिंदीत 'कुली' (१९८३), 'मशाल' (१९८४) असे मोठे चित्रपट त्यांनी केले. त्यांतला लक्षात राहण्याजोगा आहे तो महेश भट्ट यांच्या 'सारांश' (१९८४) मधील गजानन चित्रे. एका वृद्ध शिक्षकाच्या आणि त्याच्या पत्नीच्या घरात भाड्याने राहणाऱ्या मुलीवर दबाव आणणारा हा शहरी पुढारी म्हणजे गावच्या पाटलाचा मुंबईतला चुलतभाऊच. हिंदी प्रेक्षकाला मराठी राजकारणी पहिल्यांदा इतका जवळून दिसला तो या भूमिकेत. मराठीत मात्र ऐंशीच्या दशकात त्यांना तीच ती पाटीलकी पुन्हा पुन्हा करावी लागली. त्यांतले कित्येक चित्रपट आज त्यांच्या दोन-तीन प्रसंगांपुरतेच पाहिले जातात.

एकाच प्रतिमेत अडकण्याचा हा प्रकार नवा नाही. हिंदीत प्राण यांनी वर्षानुवर्षे खलनायक रंगवला आणि १९६७ साली 'उपकार' मधील मलंगचाचाने त्यांना त्यातून बाहेर काढले. त्यानंतर त्यांच्या वाट्याला चांगल्या माणसांच्या भूमिका येऊ लागल्या. निळू फुले यांच्याकडे 'सिंहासन' होता, 'सूर्यास्त' होता, तरी प्रेक्षकाने पाटील सोडला नाही. कारण मराठी ग्रामीण चित्रपटाला तो पाटील हवाच होता आणि तो देऊ शकणारा दुसरा नट त्या तोडीचा नव्हता. राजशेखर यांच्यासारखे समर्थ खलनायक होते, पण पाटील म्हणून लोकांच्या मनात बसले ते फुलेच.

पडद्याबाहेरचा माणूस या प्रतिमेच्या पार विरुद्ध होता आणि ही गोष्ट त्यांच्या भूमिका समजून घ्यायला उपयोगी पडते. सेवा दलाचे संस्कार त्यांनी आयुष्यभर सोडले नाहीत. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामाला ते उभे राहिले. डॉ. लागूंसह त्यांनी सामाजिक कृतज्ञता निधीच्या उभारणीत भाग घेतला. चळवळींत पूर्ण वेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन देता यावे म्हणून हा निधी. त्यासाठी अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी' चे प्रयोग नामवंत कलावंतांना घेऊन गावोगाव झाले आणि त्यांत फुले होते. १९९१ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. वंचितांच्या बाजूने आयुष्य घालवलेल्या माणसाने वंचितांना छळणारा माणूस रंगवला, तो तितका अचूक रंगवला, कारण छळ सोसणाऱ्याच्या जागेवरून तो त्यांनी पाहिला होता. पाटलाबद्दल त्यांच्या अभिनयात कुठेही कौतुक नाही. त्याचा रुबाब ते पुरेपूर दाखवतात, तरी प्रेक्षकाला तसे व्हावेसे वाटू देत नाहीत. पुढे दक्षिणी आणि हिंदी चित्रपटांच्या नादाने आलेल्या रुबाबदार खलनायकांपाशी हे भान क्वचितच दिसते.

१३ जुलै २००९ रोजी पुण्यात निळू फुले यांचे निधन झाले. त्यांच्या अखेरच्या चित्रपटांपैकी एक म्हणजे नागेश भोसले यांनी दिग्दर्शित केलेला 'गोष्ट छोटी डोंगराएवढी', शेतकरी आत्महत्यांवरचा. त्यात त्यांच्याबरोबर मकरंद अनासपुरे होते. तोवर गावातली सत्ताही बदलली होती. वाड्याची जागा बंगल्याने घेतली, जीपच्या जागी स्कॉर्पिओ आली, आणि सरपंच, ठेकेदार, वाळूवाला, संस्थाचालक अशी तिची नवी तोंडे झाली. ज्वारी-कापसाच्या ज्या मुलखाला पाटलाच्या चित्रपटांत जागा नव्हती, त्याची बोली अनासपुरे यांनी मुख्य भूमिकेत आणली आणि 'गल्लीत गोंधळ, दिल्लीत मुजरा' सारख्या चित्रपटांतून याच गावकारभाराकडे खालच्या बाजूने, कार्यकर्त्याच्या नजरेने पाहिले. परभणी, जिंतूर, बोरी या भागातल्या तरुण प्रेक्षकाला निळू फुले आज बहुधा फोनवरच्या तुकड्यांतून भेटतात आणि ते तुकडे पाटलाचेच असतात. 'सामना' आणि 'सिंहासन' सलग पाहणाऱ्याला त्याच नटाचा हिंदुराव आणि दिगू भेटतो. त्यांच्या भूमिकांचा अभ्यास या दोन चित्रपटांपासून सुरू करून मग मागे झेलेअण्णाकडे आणि पुढे आप्पाजीकडे जाणे सर्वांत सोयीचे आहे.